उतारावरचा लाल दिवा

फुलसावंगी ते महागाव रस्त्यावर ज्या जिपा धावत, त्यांत माणसं कोंबायला काही मर्यादाच नव्हती. पुढच्या बाजूला इतकी गर्दी व्हायची की ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लोंबकळून स्टेअरिंग फिरवायचा. अशा रस्त्यावर एका उन्हाळ्यात धरमसिंगने आपल्या जीपमधली शेजारची सीट रिकामी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं यात नवल नाही.

"काहून गा, सायेब येऊन राह्यले का कोनी?" स्टँडवरचे विचारत.

"स्प्रिंग तुटली हाये. टोचते," धरमसिंग सांगायचा.

स्प्रिंग धडधाकट होती. त्याच्या लेकीने, संगीताने, लग्नाच्या दिवशी त्या सीटवर उभं राहून हवेली, म्हणजे पाठवणीचं गाणं, गायली होती. तिथून ती उतरली ती थेट राजूरला नांदायला गेली. त्या जागी कुणा बाजारकऱ्याने पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं धरमसिंगला बघवत नव्हतं. गोष्ट एवढीच, पण जिपवाल्याने ती स्टँडवर सांगायची कशी? म्हणून बिचाऱ्या स्प्रिंगवर आळ.

धरमसिंग फुलसावंगीजवळच्या तांड्यातला. त्याचा आजा लदेणी करायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. बाप जमिनीला चिकटला आणि कापूस पेरू लागला. धरमसिंगनेही निम्मं आयुष्य कापूसच पेरला. पुढे ती वाईट वर्षं आली. बियाणं नवीन आलं, फवारे नवीन आले, अळी मात्र तीच, आणि पाऊस आपल्या मर्जीचा मालक. एकेका गोठ्यातून बैल बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. धरमसिंगचीही जोडी गेली आणि सरकारी लिलावातली एक जुनी, ताडपत्रीच्या टपाची जीप दारात आली. स्टँडवरचे चिडवत, "आज्यानं लदेणी केली, नातूबी लदेणीच करून राह्यला. मधात बापच काय तो वावरात बसला." धरमसिंग यावर खूश व्हायचा. तो जीपला बैलासारखंच वागवायचा. चढावर "चाल माह्या राजा" म्हणून तिच्या दारावर थाप मारायचा, पोळ्याला बॉनेटवर झूल घालायचा आणि बंपरला पुरणपोळीचा घास लावायचा. घास तांड्यातली कुत्री खात, पण जीपला तो पोचला असं त्याचं ठाम मत होतं.

धंदा बरा चालायचा. त्या दिवसांत जिल्ह्यात कापूस नेणाऱ्या गाड्या कमी आणि कापसाचं काय झालं ते बघायला येणारी माणसं जास्त झाली होती. कुणी वर्तमानपत्राचे, कुणी कसल्या समितीचे. गळ्यात कॅमेरे अडकवून ते जीपमध्ये बसत आणि धरमसिंगला त्याच्या शेतीविषयी विचारत. धरमसिंग त्यांना आपल्या लेकीविषयी सांगायचा.

लेक एकुलती एक. वैशाखात तिचं लग्न झालं. मुलगा ओम, राजूरच्या बाजूला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. बोट ठेवायला जागा नव्हती. धरमसिंगने पुष्कळ शोधली.

पाठवणीच्या वेळी अडचण उभी राहिली. गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत नवरी सासरी निघताना सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हवेली गाते. गाणं कसलं, रडणंच ते, पण सुरातलं. बापाचं घर भरलेलं राहो, गोठ्यात गुरं मावू नयेत, तांडा हिरवा राहो, असं ती मागते आणि मग खाली उतरून परक्या वाटेला लागते. आता गुरं मावू नयेत म्हणायला ठीक आहे, पण तांड्यात त्या दिवशी उभं करण्याजोगं एकही जनावर नव्हतं. जे दोन बैल उरले होते, त्यांच्या पाठीवर कावळा बसला तरी ते हलत. शेवटी तांड्याचे म्हातारे नायक नेमसिंग यांनी निवाडा दिला.

"ज्या जनावरावर घर चालते, त्याच्यावर उभी राह्यली पोरगी तं काय बिघडलं? धरमसिंग, गाडी सजव."

जीपचं टप उतरवलं, बॉनेटवर झूल आली. सोनीबाईने, म्हणजे धरमसिंगच्या बायकोने, स्वतःच्या घुगऱ्या लेकीच्या केसांत बांधल्या. कानांवरून गालांपर्यंत लोंबणारी ती चांदीची लेणी, टोकांना बारीक बारीक घुंगरं. संगीता पुढच्या सीटवर चढली, एका हाताने काचेची चौकट धरली आणि गाऊ लागली. जीप हलू नये म्हणून धरमसिंग हँडब्रेक खेचून स्टेअरिंगवर बसला होता. अख्खा तांडा रडत होता, पोरीची मान हलली की घुंगरं वाजत होती आणि धरमसिंग समोर बॉनेटकडे बघत होता. लेकीकडे बघितलं असतं तर तो कोसळला असता, आणि चारचौघांत कोसळणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. गाणं संपलं, ती उतरली.

"तीजच्या सनाले न्यायले येईन," तो बॉनेटकडे बघतच म्हणाला. "याच गाडीत."

वरातीची गाडी धुरळा उडवत गेली, तेव्हा कुठे त्याने मान वळवली. सीट रिकामी होती.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला.

हँडब्रेक ओढलेला असला की हा दिवा लागतो, आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. एवढं कुठलाही ड्रायव्हर जाणतो. धरमसिंगने हँडब्रेक पुन्हा ओढून पुन्हा सोडला, बाटलीतलं ऑइल पाहिलं. सगळं जागच्या जागी. पाय दाबला की जीप जिथल्या तिथे थांबत होती. पण तांड्याचा उतार लागला की दिवा पेटायचा आणि चढ लागला की विझायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणालाच सांगितली नाही. उतारावर डिझेल वाचवायला तो इंजिन बंद करून जीप नुसती सोडून द्यायचा. सगळेच सोडत. चावी चालू असल्यामुळे बॅटरीचा नि इंजिन ऑइलचा असे दोन दिवे तेव्हा लागतच, त्यांची त्याला सवय होती. आता शेजारी हा तिसरा लागायचा, आणि तो लागला की त्या शांततेत शेजारच्या सीटकडून घुंगरांची अगदी बारीक किणकिण ऐकू यायची. संगीता मान वळवायची तेव्हा यायची तश्शी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याने चटकन वळून पाहिलं. सीट रिकामीच. पोरीच्या आठवणीने आपलं डोकं फिरायला लागलंय हे त्याने ओळखलं आणि गप्प बसला. पण त्या दिवसापासून तो उतारावर जीप जरा जास्तच हळू सोडू लागला.

घरात मात्र दिव्याने वेगळाच घोळ घातला. सोनीबाई बाजाराला म्हणून मागे बसली आणि उतारावर तिला तो लाल ठिपका दिसला. या दोघांचं घरचं बोलणं गोरबोलीत चाले. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते वऱ्हाडीत सांगतो.

"हे काय लाल होऊन राह्यलं?"

"ब्रेकचा दिवा हाये. ब्रेक चांगले हायेत."

"चांगले हायेत तं लाल कायले?"

सोनीबाईचा हिशेब सरळ होता. बैलाने डोळे लाल केले की त्याला त्या दिवशी कुणी गाडीला जुंपत नाही. तिने तिथेच सांगून टाकलं, "हा दिवा बंद झाल्याबिगर पोरीले आनाले ही गाडी जानार नाही. यष्टीनं जा."

"याच गाडीत नेईन म्हनलं मी तिले."

"मंग दिवा बंद कर."

तीज श्रावणात येते. टोपल्यांत गहू पेरतात, तांड्यातल्या पोरी त्यांना पाणी घालतात, रोज फेर धरून गाणी म्हणतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या तीजला लेक माहेरी हवीच. गहू पेरायच्या आत बाप दारात आला नाही तर सासरच्यांनी तरी तिला कशाच्या भरवशावर मोकळं ठेवायचं? श्रावण जवळ येत चालला आणि दिवा काही ऐकेना.

संगीताचा अधूनमधून फोन यायचा, ओमच्या मोबाइलवरून. आईशी, तिच्या याडीशी, पोटभर बोलायची आणि बापाजवळ आली की तेच विचारायची. "बापू, गाडी काय म्हनते?"

"मस्त हाये."

"काही तरास तं नाही देत?"

"नाही वो."

बापाला करमत नाही हे ओळखून पोरगी गाडीचा विषय काढते, असं धरमसिंगला वाटायचं आणि फोन ठेवल्यावर तो उगाच जीप पुसत बसायचा.

फुलसावंगीच्या स्टँडजवळ रोशन मिस्त्रीचं गॅरेज होतं. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याने आधी बाटली काठोकाठ भरली. "उतारावर ऑइल पुढं सरकते काका, बाटलीतलं फ्लोट खाली बसते, दिवा लागते." पटण्यासारखं होतं. दिवा लागतच राहिला. मग त्याने चाकं खोलली, झिजलेले लायनर बदलले. दिवा लागला. मग हँडब्रेकची केबल ढिली असेल, दांडा पुरता खाली बसत नसेल म्हणून ती आवळली. गॅरेजच्या सपाट जमिनीवर दिवा कधीच लागायचा नाही. तांड्याच्या उतारावर हमखास लागायचा.

"तुमची गाडी माह्या दारात आली का शहानी होते," रोशन वैतागून म्हणायचा. "काका, काही आवाज येते का? खरखर, टकटक, काही?"

"नाही."

"आठवून सांगा."

"नाही म्हनलं ना."

खोटं बोलताना धरमसिंग दुसरीकडे बघायचा. काय सांगणार होता? पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, आणि म्हणायचं की रिकाम्या सीटवर माझ्या पोरीची घुंगरं वाजतात?

शेवटी रोशनने हात टेकले. "असं करतो, बल्बच काढून टाकतो. काकूबी खूश, तुमीबी खूश."

धरमसिंगच्या मनात क्षणभर आलंही. दिवा नाही म्हटल्यावर सोनीबाईला कळणार कसं? पण ज्या गाडीत पोरीला बसवायचं तिचा डोळाच फोडायचा? "नोको," तो म्हणाला. "काहून लागते तेच पाह्य."

"मंग चला, मले उतार दाखवा."

रोशन सरळ पुढच्या सीटकडे गेला.

"मागं बस," धरमसिंग म्हणाला.

"मागं बसून दिवा कसा दिसन?" आणि तो बसलासुद्धा. लग्नानंतर त्या सीटवर बसलेलं हे पहिलं माणूस. धरमसिंगचे ओठ आवळले गेले, पण गाडी दुरुस्त व्हायला हवी होती.

उताराच्या माथ्यावर त्याने सवयीने इंजिन बंद केलं. जीप घरंगळू लागली आणि तिसरा दिवा लागला.

"हं," रोशन म्हणाला. मग त्याने कान टवकारले. "काका, हे काय वाजून राह्यलं?"

धरमसिंगने करकचून ब्रेक मारला. "तुलेबी ऐकू येते?"

"म्हंजे? बहिरा हावो का मी? किनकिन करून राह्यलं ना काहीतरी, इथं, दांड्यापाशी. तुमी तं म्हनत होते आवाज नाही येत म्हनून!"

"मले वाटलं, मलेच ऐकू येते."

रोशनने त्याच्याकडे पाहिलं आणि एकदाच काय ते तोंड बंद ठेवलं. रस्त्याच्या कडेला चाकाला दगड लावून त्याने हँडब्रेकच्या दांड्याभोवतीचं रबर सोडवलं, बॅटरी मारली, दोन बोटं आत घातली. बाहेर आलं ते चांदीचं एक घुंगरू, ज्वारीच्या दाण्याएवढं. दांड्याच्या बुडाशी दिव्याचा स्विच असतो. उतारावर हे घुंगरू दांड्याखालच्या पन्हळीतून गडगडत पुढे यायचं आणि स्विचची तार नि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये अडकायचं. चांदीतून करंट जायचा आणि दिव्याला वाटायचं ब्रेक ओढलाय. चढावर ते मागे जायचं आणि दिवा विझायचा.

"पह्यल्याच दिवशी आवाज सांगतला असता तं पाच मिनिटाचं काम होतं," रोशन म्हणाला, पण हळू. "आन काका, उतारावर इंजन बंद नोको करत जाऊ. ब्रेक जड होते."

धरमसिंगने घुंगरू खिशात टाकलं. लग्नाच्या गडबडीत तुटून पडलं असणार. गाण्याच्या भरात पोरीला कळलंही नसेल. रोशनला गॅरेजला सोडून तो परत निघाला. उतारावर दिवा लागला नाही. आवाजही आला नाही. तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा उतरला, जणू चुकून काहीतरी वाजेल. जीप नुसती घरंगळत होती. इतके दिवस आपल्याला वेड लागलंय या भीतीने तो अर्धा झाला होता. आता वेड नव्हतं हे कळलं आणि त्याला ढसढसा रडू आलं. रडायला जागा चांगली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं.

सोनीबाईला त्याने सांगितलं, तार ढिली होती. घुंगरू दाखवलं नाही. तिने स्वतः जीपमध्ये बसून उतारावर दिवा बंद असल्याची खात्री केली आणि मगच राजूरसाठी तिळाचे लाडू बांधायला घेतले.

यवतमाळ, पांढरकवडा, मारेगाव करत तो वणीला पोचला. पुढे राजूरला झाडांची पानंसुद्धा कोळशाने काळवंडलेली. संगीताच्या सासूने, जमनीबाईने, आग्रहाने जेवू घातलं, चार शब्द कौतुकाचे बोलली, सुनेची पिशवी भरून ठेवलीच होती. पोरगी बाहेर आली ती साध्या सुती साडीत, केसांत घुगऱ्या नव्हत्या. कॉलनीतल्या बाया बघत बसतात म्हणून पेटीत ठेवल्यात, ती म्हणाली. धरमसिंगला ते टोचलं, पण ती हसत होती, अंगाने भरली होती, ओम तिची पिशवी स्वतः उचलून आणत होता. पोरगी सुखात आहे हे बघून बापाला आनंद झाला आणि आनंदाच्या आतून कुठेतरी दुखलं. तिला आता त्याच्यावाचून जमत होतं.

ती पुढच्या सीटवर बसली. वाटेत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मधूनमधून मात्र गप्प व्हायची आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखं करायची. दिवस कलायला आला तेव्हा तांड्याचा उतार दिसला.

"बापू, इंजन बंद करा ना."

"रोशननं मना केलं हाये."

"थोडंसंच. पह्यले करत होते तसं."

त्याने जीप पार हळू केली आणि इंजिन बंद केलं. चाकांखालचे खडे तेवढे कुरकुरत होते. संगीता दांड्याकडे वाकली. बराच वेळ तशीच राहिली.

"नाही वाजत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "मंग वाजलंच नसन कधी."

धरमसिंगने जीप कडेला घेतली. "काय वाजलं नसन?"

"मी टाकलं होतं इथं. याडीच्या घुगरीचं एक. हवेली गाताना." ती मान खाली घालून बोलत होती. "सारा तांडा माह्याकडं पाहून राह्यला होता, बापू. तुमीच तेवढं नाही पाह्यलं. एकडाव पाहान, एकडाव पाहान म्हनून मी गातच राह्यली. मंग तोडलं आन टाकलं या फटीत. म्हनलं, मी गेल्यावर वाजन, तवा तरी पाहान इकडं."

धरमसिंगने खिशात हात घातला आणि घुंगरू तिच्यापुढे धरलं.

"वाजत होतं," तो म्हणाला. "रोज वाजे. रोज पाह्यलं मी."

या वेळी तो बॉनेटकडे बघत नव्हता. त्याचे डोळे गळत होते आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. संगीताने घुंगरू घेतलं, कानाशी नेऊन हलवलं आणि रडता रडता हसली. तीज संपली की तिला परत जायचंच होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. घुंगरू हरवू नये म्हणून तिने समोरचा लहान खण उघडला आणि ते जपून आत ठेवू लागली.

"तिथं नोको ठिवू," धरमसिंग म्हणाला. "तिथून आवाज येत नाही."